शेवाळाचा जिना

कोप्पीकर रोडवरच्या एका साडीवाल्या शेटजींना असा जिना हवा होता, जो चढायला सोपा आणि उतरायला अवघड असेल. गिऱ्हाईक एकदा वर आलं की खाली जायचा विचार त्यानं दोनदा करावा, असं त्यांचं म्हणणं. मी म्हटलं, शेटजी, चढायचा आणि उतरायचा जिना एकच असतो. ते म्हणाले, तुम्ही काढून तर बघा. आणि मी शहाणा, चार दिवस खरंच काढून बघत होतो.

एकतीस वर्षं मी हुबळीत एका आर्किटेक्टच्या ऑफिसात ड्राफ्ट्समन होतो. इमारतीचा दर्शनी भाग मोठे सर काढायचे, स्वयंपाकघरं आणि देवघरं इतर मंडळी, आणि जिना माझ्या टेबलावर यायचा, कारण जिना काढायला कुणालाच आवडत नाही. बाहेरच्या माणसाला त्यात काही आहे असं वाटतही नाही. पण बघा, पायरीची उंची सहा इंच ठेवली आणि मधलीच एक पायरी साडेसहाची झाली, तर माणूस बरोबर तिथेच अडखळतो. डोळ्याला दिसत नाही, पायाला कळतं. शिवाय पायऱ्या विषम हव्यात, पहिलं पाऊल उजवं आणि शेवटचंही उजवं पडलं पाहिजे, हे आमच्याकडे सिमेंटच्या आधी ठरतं. हुबळी-धारवाडात माझ्या जिन्यावरून पडलेला माणूस मला अजून भेटलेला नाही. एक भेटला होता, पण तो वरातीतून परत येत होता, त्याला मी धरत नाही.

या अंकाच्या संपादकबाईंनी सांगितलं की बाकीचे जिने राहू देत, तो शेवाळाचा तेवढा लिहा. तो जिना लिहायचा म्हणजे माझी फजिती लिहायची. पण बाईंना नाही म्हणता आलं नाही.

मोठे सर थकल्यावर त्यांची मुलगी सुनंदा मॅडम ऑफिस बघू लागली. मॅडम म्हणायचं, पण पोरगी माझ्यासमोर फ्रॉक घालून रेघोट्या मारलेली. एका सकाळी तिनं माझ्यापुढे कोरा कागद ठेवला आणि म्हणाली, काका, एक जिना काढायचाय, पण त्यावर कुणी चढणार नाही. मी विचारलं, मग उतरणार कोण? ती म्हणाली, पाणी.

जागा धारवाडात, केलगेरीच्या बाजूला. तिथल्या एका नव्या कॉलनीच्या मधून नाला जातो. कॉलनीचं नाव सांगत नाही, अजून माझी तिथे ये-जा आहे. नाल्याच्या वरच्या टोकाला जानू गवळ्याचा गोठा, नऊ म्हशी. खालच्या टोकाला एक लहानसं तळं. कॉलनीचं सांडपाणी जमिनीखालच्या पायपातून दुसरीकडे जातं, त्यामुळे नाल्यात दोनच गोष्टी, वरच्या झऱ्याचं पाणी आणि जानूचा गोठा धुतलेलं पाणी. तळं काळं पडलेलं आणि वास असा, की खिडक्या उघडायची सोय नाही.

गोठा जानूच्या आज्यापासूनचा. कॉलनी आली ती नंतर. लोकांनी प्लॉट घेताना हिरवळ बघितली, म्हशीही बघितल्या आणि काय छान गावासारखं वाटतंय म्हणून सह्या केल्या. राहायला आल्यावर मग त्यांना म्हशीच्या मागची बाजू कळली. कॉलनीच्या समितीचे अध्यक्ष रुद्रप्पा म्हणजे निवृत्त हेडमास्तर, चालताना अजूनही हातात पट्टी आहे असे चालायचे. ते सकाळी जानूकडून दोन लिटर दूध घ्यायचे आणि दुपारी जानूविरुद्ध अर्ज लिहायचे. दोन्ही कामं मनापासून. अर्ज इतके झाले, की शेवटी महापालिकेच्या कचेरीनं तोडगा काढला. मॅडमनं सुचवलेला जिना चार महिने चालवून बघायचा. तळ्याचं पाणी सुधारलं तर गोठा राहील. नाही सुधारलं तर गोठा उठेल.

गोठा उठला असता तर नऊ म्हशी घेऊन जायला जानूला धारवाडात वीतभर जागा नव्हती. म्हशी विकाव्या लागल्या असत्या. जानू आणि त्याची बायको बायजाक्का, दोघांनी जन्मात दुसरं काही केलेलं नव्हतं. एवढं सगळं माझ्या एका जिन्यावर येऊन बसलं होतं, हे मला पहिल्या दिवसापासून माहीत होतं. म्हणून पुढचं लिहिताना लाज वाटते.

आता हा जिना काय करतो ते सांगतो. शेवाळ आपला शत्रू, असं आपण मोरीपासून शिकलेलो असतो. पण शेवाळ खातं काय? पाण्यातली घाण खातं. शेणामुताचं पाणी काळं होतं ते ज्यामुळे, तेच शेवाळाचं जेवण. मग करायचं एवढंच, की नाल्याचं पाणी रुंद, उथळ पायऱ्यांवरून पातळ थरानं सोडायचं, पायरीवर जाळी अंथरायची, वरून ऊन. आठ-दहा दिवसांत जाळीवर हिरवी लव धरते. ती घाण खाऊन फुगते. फुगली की खरवडून काढायची, म्हणजे घाण तिच्याबरोबर बाहेर. खरवडली नाही तर ती तिथेच मरते, सडते आणि खाल्लेलं सगळं पाण्यात परत करते. पण खरवडायचीही बेतानं. जाळीशी बोटभर राहू द्यायची, त्यातूनच पुढची उगवते. सगळी काढली की खेळ खलास.

मी चौतीस पायऱ्या काढल्या. हेडमास्तरांनी मोजून पस्तीस करायला लावल्या. मी म्हटलं, सर, पाण्याला उजवा-डावा पाय नसतो. ते म्हणाले, बघणाऱ्याला असतो की. मॅडम हसली, मी एक वाढवली. त्या जादा पायरीचं शेवाळ पुढे सगळ्यात चांगलं आलं, हे हेडमास्तरांनी मला किती वेळा दाखवलं त्याला सुमार नाही.

जिन्याच्या माथ्यावर एक लांबट बादली आडव्या दांड्यावर टांगलेली. पाण्यानं भरली की कलंडते, एकदम लाट सोडते, पुन्हा सरळ होते. शेवाळाला अशी लाट आवडते. कॉलनीला आवडली नाही. बादली कलंडताना धप्प असा आवाज व्हायचा, अर्ध्या मिनिटाला एक. पहिल्या आठवड्यात त्याविरुद्ध अर्ज आले. दुसऱ्या आठवड्यात मी दांड्याला रबर लावून आवाज बंद केला, तर आणखी अर्ज आले. एका आजोबांचा जप त्या धप्पवर बसला होता. एक बाई इडली किती वेळ वाफवायची ते त्यावर मोजत होत्या. मी रबर काढून टाकलं. कॉलनीतली लोकं मला तोवर मेट्टिलअण्णा म्हणू लागली होती. कन्नडमध्ये मेट्टिलू म्हणजे पायरी, तेव्हा नाव बरोबरच होतं.

मग एका उन्हाच्या दुपारी जानूची चंद्री नावाची म्हैस येऊन नवव्या पायरीवर बसली. पायरी थंड, ओली, मऊ. म्हशीच्या जागी मी असतो तर मीही बसलो असतो. दोन तास ती उठली नाही. तिच्या वरच्या बाजूला पाणी तुंबलं, खालच्या बाजूला जाळी वाळायला लागली. हेडमास्तर कन्नडमध्ये रागावले, मी मराठीत विनवणी केली, मॅडमनं फोटो काढले. शेवटी जानू आला, तिच्या कानाशी काहीतरी पुटपुटला आणि ती उठून निघून गेली. काय सांगितलंस म्हणून विचारलं तर तो लाजला.

जानू रोज यायचा. सकाळची धार आणि घरोघरचा रतीब आटोपला की जिन्याच्या कडेला उकिडवा बसून बघत राहायचा. बोलायचा कमी. एकदा त्यानं मला विचारलं, मास्तर, हे नेमकं काय चाललंय? त्या दिवशी मला पाण्याचे नमुने घेऊन हुबळीला पळायचं होतं. मी म्हटलं, जानू, तुझ्या भल्यासाठीच चाललंय बघ. तो बरं म्हणाला. मी निघून गेलो. आम्ही कचेरीला सांगितलं, समितीला सांगितलं, कॉलेजची मुलं आली त्यांना पाट्या लावून सांगितलं. जानूला हे सांगायचं राहून गेलं. राहून गेलं म्हणणं सुद्धा खोटं आहे, सांगायला हवं हे मला सुचलंच नाही. खरवडायलाही मी हुबळीहून दोन माणसं आणायचो. त्यांनाही अर्ध्या पायऱ्या या आठवड्यात, अर्ध्या पुढच्या, एवढंच सांगितलं होतं, असं का, ते विचारायला त्यांना वेळ नव्हता.

तिसऱ्या महिन्याच्या शेवटी शेवाळ अंगठ्याएवढं जाड झालं. हिरवंगार, पाण्याबरोबर डुलणारं. तळ्याचा वास गेला. काळ्याचं तपकिरी झालं, तपकिरीचं चहाच्या रंगाचं. एक दिवस त्यात बेडूक दिसला तर हेडमास्तरांनी मला फोन करून कळवलं. मी मनातून इतका फुगलो होतो की घरी बायको म्हणाली, जेवताना तरी शेवाळ बाजूला ठेवा.

चौथा महिना संपत आला तसं कचेरीचे साहेब तपासणीला येणार, असं पत्र आलं. शुक्रवार सकाळ. मी आणि मॅडम मंगळवारपासून ऑफिसात बसून अहवाल करत होतो. रंगीत तक्ते, आलेख, आधीचे आणि नंतरचे फोटो, सगळ्याला स्पायरल बायंडिंग. साहेबांना एकूण एक गोष्ट समजली पाहिजे म्हणून मी शेवाळाचं चित्र स्वतःच्या हातानं काढलं. तीन दिवस मी धारवाडला फिरकलो नाही. फोन केला तेव्हा हेडमास्तर म्हणाले, इकडची काही काळजी करू नका, आम्ही सगळी तयारी करतोय. मला बरं वाटलं.

शुक्रवारी सकाळी आम्ही पोचलो. लांबून मला वाटलं आपण चुकून देवळाकडे आलो. पस्तीसच्या पस्तीस पायऱ्या पांढऱ्याफेक, आणि प्रत्येक पायरीच्या दर्शनी बाजूला चुना आणि काव यांचे उभे पट्टे, एक पांढरा, एक तांबडा, देवळाच्या पायऱ्यांना असतात तसे. दोन्ही कडांना ब्लीचिंग पावडरची सरळ रेघ. वरच्या पायरीवर रांगोळी. कलंडणाऱ्या बादलीला झेंडूची माळ. जाळ्या धुऊन, घासून, तारेवर वाळत घातलेल्या, आणि पायऱ्यांवरून नाल्याचं पाणी गुपचूप खाली चाललेलं. शेवाळाचा मागमूस नव्हता. मॅडमनं माझा दंड धरला. 

झालं होतं ते असं. आमच्याकडे पाहुणा येणार म्हटलं की पायऱ्या घासतात. साहेब येणार म्हटलं की ब्लीचिंग पावडर पडते. दोन्ही गोष्टी माणसं विचार न करता करतात, श्वास घेतात तशा, आणि शेवाळाचं काम पाठ असलेल्या हेडमास्तरांनाही त्या दिवशी साहेब एवढेच आठवले. गुरुवारी दुपारी सगळ्या कॉलनीनं श्रमदान केलं. आणि सगळ्यात जास्त कुणी घासलं? जानूनं. वरपासून खालपर्यंत, खराट्यानं, मग काथ्यानं, मग वीट घेऊन. बायजाक्कानं पट्टे ओढले. तीन महिने त्याला त्या बुळबुळीत पायऱ्यांची लाज वाटत होती म्हणे. मेट्टिलअण्णाचा जिना एवढा घाण झालाय आणि अण्णाला सवड नाही, आपल्या म्हशींपायी झालाय, तर निदान साहेब यायच्या आधी आपण स्वच्छ करून द्यावा, एवढा त्याचा साधा हिशोब. धुतलेला सदरा घालून तो बाजूला उभा होता. हात ब्लीचिंगनं सोललेले. माझ्याकडे बघून तो हसला, आणि त्या हसण्याला मी काय उत्तर दिलं ते मला आठवत नाही.

साहेब आले. माणूस वाईट नव्हता, कागदाचा पक्का होता. त्यांच्या हातात एक छापील फॉर्म, त्यात एक रकाना होता शेवाळाच्या जाडीचा. खिशातून त्यांनी फूटपट्टी काढली. पहिल्या पायरीवर टेकवली, पाचव्या, दहाव्या. मग चष्मा काढून पुसला आणि विचारलं, शेवाळ कुठे आहे?

हेडमास्तर छाती पुढे काढून म्हणाले, "एक तंतूसुद्धा सापडणार नाही, साहेब. तुम्ही कुठेही बघा."

साहेबांनी रकान्यात शून्य लिहिलं. वरच्या पाण्याची आणि खालच्या पाण्याची बाटली भरली. दोन्ही बाटल्या सारख्याच शेणकट. मी बोलायला लागलो. आलेख दाखवले, फोटो दाखवले, स्पायरल बायंडिंग उघडून शेवाळाचं चित्र दाखवलं. साहेब सहानुभूतीनं बघत होते. म्हणाले, चित्र सुंदर आहे, पण आजची पाहणी आजच्या पाण्यावर. मी म्हटलं, तीन आठवडे द्या, परत उगवेल. ते म्हणाले, गोठ्याच्या फाइलीची मुदत संपली, ती आज मिटते. जिन्याची फाइल वेगळी आहे, तिची पाहणी सहा आठवड्यांनी. मी विचारलं, साहेब, गोठाच नसेल तर जिना कशाला तपासायचा? त्यांनी बराच विचार केला आणि म्हणाले, ते गोठ्याच्या फाइलीत येत नाही. तेव्हाही जिना चालू नसला तर तो पाडून तिथे कॉलनीचा कचरा गोळा करायची जागा होईल, हेही त्यांनी वाचून दाखवलं. मग बायजाक्कानं केलेली कॉफी घेतली, पट्ट्यांचं कौतुक केलं आणि गेले.

गोठ्याला पंधरा दिवस दिले होते. जानूनं पाचच घेतले. मी त्याच्याकडे गेलो होतो. त्याला कुणीतरी तोवर सांगितलं होतं की पायऱ्या घासल्या म्हणून हे झालं. का झालं ते कळलं नव्हतं, आपल्या हातानं झालं एवढं कळलं होतं. तो माझीच समजूत घालत होता, आणि ते ऐकून घेणं मला फार जड गेलं. बुधवारी तो बायजाक्काच्या भावाकडे निघून गेला, अळणावरच्या बाजूच्या एका खेड्यात. म्हशी चालवत नेल्या.

आता खरी मजा पुढे. गोठा गेला, कॉलनीत आनंद व्हायला हवा होता. दोन दिवस झालाही. मग पिशवीचं दूध आलं आणि हेडमास्तरांची कॉफी बिघडली. ते एक वेळ सहन झालं असतं. पण नाल्याचं पाणी नितळ झालं, आणि नितळ पाण्यात शेवाळ धरेना. खायला काही नव्हतंच त्याला. पस्तीस पायऱ्या कोरड्या हाडासारख्या पांढऱ्या, आणि सहा आठवड्यांनी फूटपट्टी येणार. शेवाळ नसेल तर खिडकीसमोर कचऱ्याचा ढीग. ज्या समितीनं आयुष्यभर घाण नको म्हणून अर्ज लिहिले, ती आता घाण कुठून आणायची याच्या बैठका घेऊ लागली.

पहिल्या बैठकीनंतर हेडमास्तर हुबळीला जाऊन हॉटेलात अंथरतात तो प्लास्टिकचा हिरवा गालिचा घेऊन आले. पस्तीस पायऱ्यांना बसेल असा मापून कापूनसुद्धा आणला होता. मी म्हटलं, सर, साहेबांच्या हातात फूटपट्टी असते. ते म्हणाले, जाडी बरोबर आहे, मी मोजून घेतलाय. बादलीच्या दुसऱ्याच लाटेनं गालिचा तळ्यात गेला. मग चार घरची माणसं बादल्या घेऊन केलगेरीच्या तळ्यावर गेली आणि शेवाळ घेऊन आली. ते तीन दिवस जाळीवर टिकलं आणि उपाशी मेलं. मग कुंड्यांतलं खत ओतून बघितलं, ते तळाशी बसलं. एका बाईंनी आंबलेलं इडलीचं पीठ ओतलं, त्यानं कावळे जमले. दर बैठकीला मला बोलावत. शेवटच्या बैठकीत मी सरळ सांगितलं, याला रोजच्या रोज गोठ्याचं ताजं पाणी लागतं, सकाळ-संध्याकाळ, वर्षभर. दुसरा उपाय नाही.

 हेडमास्तरांनी टोपी काढून मांडीवर ठेवली. मग त्यांनी विचारलं, तक्रार मागे घेतली तर फाइल पुन्हा उघडते का? मॅडम म्हणाली, तक्रारच नसेल तर फाइलच राहात नाही. तो अर्ज त्यांनी तिथेच बसून लिहिला. अक्षर नेहमीसारखंच देखणं. गोठा पूर्ववत चालू राहण्यास कॉलनीची हरकत नसून निकड आहे, असं त्यात वाक्य होतं. कचेरीनं तो आठ दिवसांत मंजूर केला, तेव्हा हेडमास्तरांना आपल्या जुन्या अर्जांच्या उत्तराला किती वेळ लागायचा त्याची आठवण झाली आणि राग आला.

जानूला आणायला हेडमास्तरांच्या गाडीतून आम्ही दोघं गेलो. वाटभर ते काय बोलायचं त्याची उजळणी करत होते, आणि पोचल्यावर सगळं विसरले. जानू मेव्हण्याच्या अंगणात दावं वळत बसला होता. आम्हाला बघून उठला, घोंगडी अंथरली. बायजाक्कानं ताक दिलं. हेडमास्तर ताकाकडे बघून म्हणाले, "जानू, अर्ज मी लिहिले. तू परत चल." एवढंच. हेडमास्तर कुणापुढे असे खाली बघून बोललेले मी त्यापूर्वी बघितले नव्हते.

जानू लगेच हो म्हणाला नाही. दावं बाजूला ठेवून तो माझ्याकडे वळला.

"येतो की. पण मास्तर, त्या पायऱ्या घासायच्या का न्हाई घासायच्या, ते एकदा मला नीट सांगा."

मी सांगितलं. पहिल्यापासून, काही न सोडता. पाण्यात काय असतं, शेवाळ काय खातं, ते का फुगतं, का काढायचं, कधी काढायचं, किती ठेवायचं. तक्ता नव्हता, आलेख नव्हता, अंगणातल्या धुळीत काडीनं रेघा मारत सांगितलं.  माझं संपल्यावर त्यानं बायजाक्काकडे बघितलं.

"म्हंजे म्हसच की वो ही. खायाला घालायचं, वेळेला पिळायचं. न्हाई पिळलं तर तटतटून नासणार. आन सगळं पिळायचं न्हाई, एक सड रेडकाला ठेवायचा." त्यानं दावं पुन्हा हातात घेतलं. "मास्तर, मी कुठल्या म्हशीचा सड रिकामा केलाय का हो कधी?"

मला तोंड वर करता येईना. तीन दिवस बसून मी साहेबांसाठी जे पुस्तक केलं होतं, त्यात हे कुठेच नव्हतं, आणि हे ज्याला उमजलं असतं त्याला मी तुझ्या भल्यासाठी म्हणून वाटेला लावलं होतं. मी त्याची माफी मागितली. त्यानं ताकाचा तांब्या पुढे केला आणि म्हणाला, घ्या, उन्हाचं आलाय.

दोन दिवसांनी तो परत आला, तेव्हा कॉलनीतली माणसं फाटकाशी उभी होती. हेडमास्तरांनी आपली गाडी स्वतः ढकलून वाटेतून बाजूला घेतली. रस्त्यानं म्हशी आल्या, पुढे चंद्री. मी मोजल्या. सहा होत्या. मी जानूकडे बघितलं तर तो म्हणाला, तिकडं वैरण पुरंना, तीन दिल्या बाजारात.  म्हशी गोठ्यात शिरल्या, कुणी न हाकता ज्या-त्या आपल्या खुंट्याला जाऊन उभ्या राहिल्या, आणि मधले तीन खुंटे मोकळे राहिले.

साहेबांची फूटपट्टी आली तेव्हा जाडी भरली, जिना राहिला, गोठाही राहिला. आता खरवडायचं काम जानूकडेच आहे, आणि त्याच्याइतकं बेतानं कुणी करत नाही. पण सहा म्हशींचं पाणी पस्तीस पायऱ्यांना पुरत नाही. वरून चोवीसाव्या पायरीपर्यंत शेवाळ गच्च धरतं, पुढे विरळ होत जातं, आणि खालच्या अकरा पायऱ्या अजून तशाच आहेत, चुन्याच्या आणि कावेच्या पट्ट्यांसकट.